अप्पांची आळी

जर्मनीतल्या येनामध्ये मराठी माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "तू लेन्समध्ये की सॉफ्टवेअरमध्ये?"

मी म्हणते, "मातीत."

समोरचा दोन सेकंद हसतो. मग माझी नखं बघतो आणि हसायचा थांबतो. मी खरंच मातीत आहे. मंगळवेढ्याची शाळा, मग हॉर्टिकल्चरची डिग्री, मग इथे येऊन बागकामाचं आउसबिल्डुंग, म्हणजे तीन वर्षं शिकत शिकत राबायचं. आता येनाच्या बाहेर एका बाउमशूलमध्ये नोकरी. बाउमशूल म्हणजे शब्दशः झाडांची शाळा, आपल्या भाषेत नर्सरी. आईने गावात सांगून टाकलंय की पोरगी जर्मनीत शाळेत आहे. लोकांना वाटतं शिक्षिका आहे. मी ते दुरुस्त करत नाही.

आमच्या मालकीणबाई फ्राऊ हेन्शेल. वय पासष्टच्या पुढे, उंची माझ्या दीडपट, आणि दिवसभरात एकूण शब्द बोलणार अंदाजे चाळीस. त्यातले दहा कुत्र्याशी. मी त्यांची नक्कल फार छान करते. दोन्ही हात जॅकेटच्या खिशात, हनुवटी वर, आणि झाडाकडे असं बघायचं की झाडालाच आपलं काहीतरी चुकलं असं वाटावं. मग खोल आवाजात, "आल्झो," म्हणजे "तर मग." एकदा नाश्त्याच्या सुट्टीत नक्कल चालू असताना सगळे अचानक हसायचे थांबले. मी वळून बघितलं. फ्राऊ हेन्शेल दारात उभ्या. म्हणाल्या, "हनुवटी अजून वर." आणि गेल्या.

आता आमचा धंदा काय, ते सांगते. येनाच्या भोवती चुनखडीच्या टेकड्या आहेत. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर उन्हाळ्यात अशी धग असते की मला मंगळवेढा आठवतो. माती वीतभर, खाली सगळा दगड, पाणी टिकत नाही. लोक घरं घेतात, गच्चीत बसतात, वाइन उघडतात आणि म्हणतात, "अगदी इटली!" मग इटलीचे फोटो मोबाइलवर घेऊन आमच्याकडे येतात. यातलं झाड द्या.

अडचण अशी की हे इटली ऑक्टोबरपर्यंतच असतं. जानेवारीत तिथेच उणे पंधरा. म्हणजे झाड असं हवं की जे उन्हाळ्यात तहानेला मरणार नाही आणि हिवाळ्यात थंडीला. आणि खरी गंमत पुढे आहे. हिवाळ्यातही झाड बऱ्याचदा तहानेनेच मरतं. ऑलिव्हसारखं सदाहरित झाड घ्या. फेब्रुवारीत लख्ख ऊन पडलं की पानं पाणी मागतात. खाली जमीन दगडासारखी गोठलेली, मुळं म्हणतात, नळ बंद आहे. झाड उभ्या उभ्या वाळतं. लोकांना वाटतं गारठलं. त्यात मुळाशी पाणी साचून त्याचा बर्फ झाला तर मग बघायलाच नको. म्हणून आमच्याकडे दोन गोष्टी बघतात. उन्हाळ्यात पाणी मुरतंय का, आणि हिवाळ्यात पाणी निघून जातंय का.

मी झाडं विकते असं म्हणते, पण निम्मा वेळ मी झाडं न विकण्यात घालवते. एक बाई आल्या होत्या, त्यांनी ऑलिव्हला थंडीत गोधडी गुंडाळून वर दिव्यांची माळ सोडली होती, ऊब म्हणून. फोटो दाखवला. मला वाटलं आमच्याकडचा आकाशकंदील आहे. वोल्फ्सबुर्गहून एक मराठी जोडपं गाडी हाणत आलं, कढीपत्ता हवा म्हणून. फ्राऊ हेन्शेलनी नाही म्हटल्यावर काका मला म्हणाले, "कढीपत्ता नाही? मग कसली नर्सरी?" आणि एक निवृत्त प्रोफेसर दर वर्षी मार्चमध्ये येऊन सुरूसारखी दिसणारी सायप्रसची बारा झाडं मागतात आणि दर वर्षी मी बारा वेळा नाही म्हणते.

नाही म्हणायचं कसं, हे फ्राऊ हेन्शेलनी शिकवलं. "आधी नाइन म्हण, मग कारण सांग. आधी कारण सांगितलंस तर गिऱ्हाईक कारणाशी भांडत बसतं." हे मला इतकं जमलं की एकदा मी सुट्टी मागायला गेले आणि मॅनेजरने "सुट्टी हवी ना?" विचारल्यावर चुकून नाइन म्हटलं.

पण हे सगळं जर्मनमध्ये. मराठीत मला नाही म्हणता येत नाही, हे मला गायकवाडांच्या उतारावर कळलं.

मंदार गायकवाड इथे ऑप्टिक्समध्ये इंजिनियर. बायको मधुराताई आणि सात वर्षांची इरा. इराला मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये येतं. त्यांनी टेकडीवर घर घेतलं, मागे अंगणाऐवजी सरळ उतार, वर गवत आणि दगड, बाकी काही नाही. फ्राऊ हेन्शेलनी ते काम मला दिलं. म्हणजे आतापर्यंत मी कुंड्यांना पाणी घालणे, कुंड्या उचलणे आणि कुंड्या मोजणे या खात्यात होते. झाडं निवडायची ती त्या स्वतः. खिडकीपाशी एक टेबल आहे, तिथे बसून उताराचा नकाशा काढायचा, कुठलं झाड कुठे ते ठरवायचं. ते टेबल मला चार वर्षं दिसत होतं.

म्हणाल्या, "आठ झाडं. निवड तुझी. हिवाळा जाऊ दे. मेमध्ये उभी असली तर टेबल तुझं."

"आणि नसली तर?"

"तर कुंड्या."

मी तीन दिवस त्या उतारावर अक्षरशः राहिले. जागोजागी खड्डा खणून त्यात बादलीभर पाणी ओतायचं आणि घड्याळ लावून बघायचं. वर पाणी भसकन गेलं. खाली, घराजवळ, वरची माती वाहून येऊन साचलेली, चिकट. तिथे पाणी निवांत बसलं. शेजाऱ्यांना विचारलं, बर्फ आधी कुठे वितळतो? आणि मग चार जाती काढल्या. एकेक वर, एकेक खाली. बदाम. जुडासबाउम, म्हणजे ज्याला पानं यायच्या आधी खोडावरच जांभळी फुलं फुटतात. तुती. आणि या टेकड्यांवरचाच एक ओक, ज्याच्या पानांच्या पाठीला मांजरासारखी लव असते. सगळी रोपं लहान, कमरेएवढी. मंदारदादांना डोक्याएवढी हवी होती. मी म्हटलं, मोठ्या झाडाला मोठी तहान, लहान रोप स्वतःचं पाणी स्वतः शोधायला शिकतं. इथवर मी हुशार.

सप्टेंबरच्या सुरुवातीला लावणी. त्याच वेळी घरात अप्पा होते. मंदारदादांचे वडील, तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेले. वय अठ्ठ्याहत्तर, पाटबंधाऱ्यात शाखा अभियंता म्हणून अख्खं आयुष्य गेलेलं. मी शेवटचं झाड लावून उठते तर मागे अप्पा. डोक्यावर मुलाची सायकलची टोपी, हातात काठी, तोंडावर इन्स्पेक्शनला आलेला भाव.

"नाव काय तुझं, पोरी?"

"सायली, अप्पा."

"गाव?"

"मंगळवेढा."

"मग तुला पाण्याची किंमत कळायला हवी. हे काय केलंयस? याला आळं म्हणतात? कोंबडीने उकरल्यासारखं."

आमच्याकडे लावताना आम्हीही झाडाभोवती छोटं आळं करतो, पाणी घालायला सोपं जावं म्हणून. पण थंडीच्या आधी ते मोडून माती सपाट करायची. हा नियम आहे. मी अप्पांना तसं सांगणार एवढ्यात मधुराताईंनी थालीपीठ आणून ठेवलं. लोण्याचा गोळा असलेलं. येनामध्ये. मी बसले.

पुढचे सहा आठवडे अप्पांनी काय केलं ते मी दर शनिवारी जाऊन बघितलं. त्यांनी खालच्या चारही झाडांना आळी बांधली. आळी कसली, धरणंच. उताराच्या बाजूला अर्धचंद्र बांध, आत चिकणमातीचा थर, ओंडक्याच्या धुम्मसने ठोकलेला, बाहेरून दगड रचून पिचिंग. पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल बघितलेली. इराला त्यांनी मजुरीवर ठेवलं होतं, दर दगडामागे एक बेदाणा. ती म्हणायची, "आजोबा, डास इस्ट शीफ!" वाकडं आहे म्हणून. अप्पा मराठीत उत्तर द्यायचे, "वाकडं तुझं तोंड. नीट बघ." आणि परत मोजायचे. वरच्या चार झाडांपर्यंत मात्र अप्पांचे गुडघे पोचत नव्हते. तिथे मी माझी कोंबडीची आळी करून ठेवली होती.

ऑक्टोबरच्या शेवटी अप्पा परत निघाले. मी आळी मोडायला खोरं घेऊनच गेले होते. अप्पांनी खोरं बघितलं.

"हे कशाला?"

"अप्पा, ते थंडीत..."

"पोरी, मी अठ्ठेचाळीस बंधारे बांधलेत. त्यातला एक फुटला नाही. माझ्या पाठीमागे ही आळी मोडू नकोस. पाणी धरून ठेवतील ती. शब्द दे."

मला सगळं माहीत होतं. कारण माहीत होतं, नियम माहीत होता, खाली माती चिकट आहे हे मीच बादली ओतून शोधलं होतं. त्या प्रोफेसरना बारा वेळा नाही म्हणणारी मी. पण माझ्या आजोबांच्या वयाचा माणूस, बॅग भरून तयार, गुडघ्याला मातीचे डाग तसेच, आणि मागे इरा दगड नीट लावतेय.

मी म्हटलं, "नाही मोडणार, अप्पा."

खोरं गाडीत टाकलं. परतीच्या रस्त्यावर मी स्वतःला समजावलं, एखाद्या वर्षी हिवाळा सौम्यही असतो.

तो नव्हता. डिसेंबरभर पाऊस. जानेवारीत कडाका. मग चार दिवस वितळलं, मग परत कडाका. आणि एका दुपारी मंदारदादांचा फोटो आला. इरा बाहुलीला स्केटिंग शिकवतेय. अप्पांच्या आळ्यात. आत काचेसारखा गुळगुळीत बर्फ, चारही बाजूंनी लेव्हल एकदम परफेक्ट, आणि मधोमध बदामाचं खोड बर्फात चिणलेलं. खाली लिहिलं होतं, "अप्पांनी रिंक बांधून दिलं बघ!"

मी डबा तसाच बंद केला. त्याच दिवशी जाऊन टिकावाने बांध फोडले. पण बर्फ फोडता येत नाही, खोडाला लागतं. पाणी निघालं ते वितळल्यावर, आणि तोपर्यंत उशीर झाला होता.

मेच्या सुरुवातीला फ्राऊ हेन्शेल स्वतः आल्या. झाड जिवंत आहे का बघायची आमची पद्धत साधी आहे. फांदीवर नखाने हलकं खरवडायचं. आत हिरवं दिसलं तर आहे, तपकिरी दिसलं तर गेलं. आधी वर गेलो. बदाम हिरवा, आणि त्याला चार फुलं येऊन गेलेली. जुडासबाउम हिरवा. तुती, ओक, सगळे हिरवे. मग खाली. ओक हिरवा, त्याला कशाचंच काही वाटत नाही. तुती अर्धी. जुडासबाउम तपकिरी. बदाम तपकिरी. बदामाला मी तीन ठिकाणी खरवडलं, बुंध्यापर्यंत. शेवटी फ्राऊ हेन्शेलनी माझं मनगट धरलं. "पुरे."

मग त्यांनी फुटलेल्या बांधांकडे बघितलं. बराच वेळ. मला वाटतं, त्यांना ते काम आवडलं होतं.

"कोणी केलं हे?"

"गिऱ्हाइकाने," मी म्हटलं. खरंच होतं ते. गिऱ्हाइकाने परस्पर काही केलं तर आमची जबाबदारी नाही, तसं आमच्या कागदावरच लिहिलेलं असतं. एवढ्यावर मी थांबले असते तर टेबल माझं होतं. अप्पा सात हजार किलोमीटरवर. त्यांना कोण विचारणार?

फ्राऊ हेन्शेल वळल्या, आणि माझ्या तोंडून निघालं, "पण मोडायचं काम माझं होतं. त्यांनी मोडू नको म्हटलं आणि मी हो म्हटलं."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग का?"

आता हे जर्मनमध्ये कसं सांगायचं? थालीपीठ, लोणी, गुडघ्यावरची माती, शब्द दे. मी म्हटलं, "ते म्हातारे आहेत."

"मीपण म्हातारी आहे. मला तू दिवसातून चार वेळा नाइन म्हणतेस."

"तुम्ही वेगळ्या."

"गेनाऊ," त्या म्हणाल्या, म्हणजे अगदी बरोबर. "ज्याची भीती वाटते त्याला नाही म्हणता येतं. ज्याच्यावर जीव जडतो त्याला नाही. माझी निम्मी झाडं अशीच गेली." त्या दिवसाचे चाळीस शब्द संपत आले होते. "त्याला फोन कर. आज. खरं सांग. तोवर टेबल रिकामं राहील."

दुपारी मी कुंड्यांमध्ये उभी राहून तालीम केली. फ्राऊ हेन्शेलची नक्कल, पण मराठीत. हात खिशात, हनुवटी वर. "आल्झो, अप्पा." समोरच्या हेझलच्या रोपालाही ते पटलं नाही. शेवटी तसाच फोन लावला.

"बोल पोरी! बदाम फुलला का?"

"नाही, अप्पा. आधी नाही सांगते, मग कारण सांगते. खालचा बदाम गेला. ते जांभळं झाडही गेलं. आळ्यात पाणी साचून बर्फ झाला, त्याने गेली. वरची चारही छान आहेत, कारण तिथे तुमची आळी नव्हती. आणि चूक माझी आहे. मला माहीत होतं आणि मी तुम्हाला नाही म्हटलं नाही."

पलीकडे पंख्याचा आवाज. मला वाटलं, आता फोन ठेवणार.

"वरची चारही?" अप्पा म्हणाले.

"चारही."

"तुझ्या त्या कोंबडीच्या आळ्यांनी?"

"ती मी ऑक्टोबरमध्ये मोडली होती."

मग ते जे म्हणाले ते माझ्याशी नव्हतंच. "सांडवा. अरे, सांडवाच ठेवला नाही मी. जादा पाणी जायला वाट नको? शाळेतलं पोरगंसुद्धा सांडवा काढतं चित्रात." मग एकदम माझ्यावर, "आणि तू बघत बसलीस?"

"हो, अप्पा."

"तेवीस वर्षं माझ्या हाताखालचे लोक असेच बघत बसायचे. हो साहेब, हो साहेब. मला वाटायचं, माझं सगळं बरोबरच असतं. तूपण त्यातलीच निघालीस होय?"

हे मला रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

"बरं, ऐक आता," अप्पा म्हणाले. "उन्हाळ्यात आळं हवंच. ऑक्टोबर आला की उताराच्या अंगाला बांध टीचभर रुंद कापायचा, तळापर्यंत. पाणी निघून जाईल, बांध राहील. वसंतात परत माती भरायची. कागद घे, मापं सांगतो."

मी कुंडीच्या लेबलच्या मागे मापं लिहून घेतली. दुसऱ्या दिवशी ती फ्राऊ हेन्शेलना दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. मग खिडकीजवळच्या टेबलावरचा आपला कॉफीचा मग उचलला, कुत्र्याचा पट्टा उचलला, आणि बाहेर गेल्या. एवढंच. मी दहा मिनिटं उभी होते, मग बसले.

आता मी तिथेच बसते. दर ऑक्टोबरला आमच्या सगळ्या उतारांवर जाऊन आळ्यांचे सांडवे उघडते. खालचा तो बदाम मात्र अजून मनात आहे. त्याच मार्चमध्ये त्याला पहिली फुलं आली असती, किचनच्या खिडकीतून दिसली असती. झाड गेलं की नवीन लावता येतं असं लोक मला सांगतात, आणि मीच लोकांना सांगते. पण ते झाड गेलं ते गेलंच.

अप्पा पुढच्या उन्हाळ्यात परत आले. रिकाम्या दोन जागांपैकी एकीत आम्ही बदामच लावला. दुसरीसाठी मी स्पायरलिंग आणलं. इथलं जुनं, चिवट झाड, दुष्काळ आणि थंडी दोन्ही पचवणारं. छोट्या पेरूएवढी, तांबूस गालांची फळं येतात. रोप होतं गुडघ्याएवढं.

सगळे खड्ड्याभोवती उभे होते. मंदारदादा, मधुराताई, इरा. अप्पांनी काठीने रोपाची उंची मोजली.

"एवढंसं? फळ कधी धरणार?"

"पंधरा वर्षं तरी, अप्पा. कदाचित वीस."

"वीस." त्यांनी चष्मा पुसला. "म्हणजे मला खायला मिळेल का?"

मधुराताईंनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांनी सांगत होत्या, म्हण काहीतरी, गोड म्हण. मंदारदादा एकदम खोऱ्याचा दांडा तपासायला लागले. माझ्या जिभेवर आलं होतं, अप्पा, तुम्ही तर शंभर गाठणार.

"नाही, अप्पा," मी म्हटलं. "नाही मिळणार."

अप्पांनी मान हलवली. रागावले नाहीत. इराच्या डोक्यावर हात ठेवून रोपाकडे बघत राहिले.

"मी ज्या कालव्यावर नोकरीला लागलो, त्याच कालव्यावर रिटायर झालो," ते म्हणाले. "पाणी माझ्या निरोप समारंभानंतर चार वर्षांनी आलं. आलं ना पण? लाव."